तळावरचं पोस्टिंग म्हणजे साइड पोस्टिंग? युद्धात नेव्हल बेस काय करतो आणि तिथे हुकूम कुणाचा चालतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भाचा नेव्हीत आहे, तीन वर्षं फ्रिगेटवर काढल्यावर आता त्याला किनाऱ्यावरच्या बेसवर पोस्टिंग मिळालंय, घरात सगळे म्हणतायत की "टाकला साइडला", आणि तुम्हाला विचारायचंय की उद्या खरंच लढाई लागली तर बेसवरची माणसं करतात काय, आणि बेसचा जो कमांडर असतो तो जहाजांना ऑर्डर देऊ शकतो का.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. लढतं जहाज, मग तळाची किंमत काय? आणि एका बंदरात चार साहेब असतील तर ऐकायचं कुणाचं? दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे आणि युद्धात माणसं त्याच्यामुळेच जास्त गोत्यात येतात, पण पहिल्यापासून घेऊया.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे किती मीठ लावून वाचायचं ते कळेल. मी चोवीस वर्षं नेव्हीत होतो, त्यातली अकरा किनाऱ्यावर, बहुतेक लॉजिस्टिक्समध्ये, मुंबई आणि विशाखापट्टणम आणि मध्ये थोडा काळ गुजरातमधलं ओखा. १९७१ मी नेव्हीतून पाहिलेलं नाही, तेव्हा मी पहिलीत होतो, गिरगावात खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले आणि गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले एवढंच आठवतं. १९९९ ला कारगिलच्या वेळी मात्र मुंबईच्या बेसवर होतो. आत्ताचं काय कुठे किती आहे यावर एक अक्षर लिहिणार नाही, जुनंच पुरेसं आहे. आणि हेही धरून चाला की उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, बेस शत्रूच्या विमानांच्या टप्प्यात आहे की नाही, ताफा तिथेच आहे की लांब गेलाय, बंदर उघड्या समुद्रावर आहे की चिंचोळ्या खाडीत, यावर तळाचं काम पार बदलतं.

पहिला गोंधळ नावाचा. मुंबईच्या बेसचं नाव आयएनएस आंग्रे. आयएनएस म्हटलं की लोकांना जहाज वाटतं, पण हे जमिनीवरचं ठाणं आहे, कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला १९५१ मध्ये दिलं. किनाऱ्यावरच्या ठाण्याला जहाजासारखं नाव द्यायचं ही ब्रिटिशांची पद्धत, ती आपण ठेवली, त्यामुळे आंग्रेच्या गेटमधून बाहेर पडून चर्चगेटला चहा प्यायला जाणारा खलाशी सुद्धा "अशोअर", म्हणजे जहाज सोडून किनाऱ्यावर, गेलेला असतो. १९४६ चं नाविकांचं बंड जिथे पेटलं ती कुलाब्याची 'तलवार' पण अशीच, सिग्नल शिकवणारी जमिनीवरची शाळा होती. तर भाच्याच्या पोस्टिंग ऑर्डरवर आयएनएस लिहिलंय म्हणून घरात वाद घालू नका, दोन्ही बाजू बरोबर आहेत.

आता काम. जहाज समुद्रात असताना ते रोज खात असतं. तेल, गोडं पाणी, भाजीपाला, सुटे भाग, आणि युद्ध असेल तर दारूगोळा. हे संपलं की ते परत येतं, आणि परत आल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा जो वेळ आहे, तो वेळ म्हणजे बेस. मी नव्या पोरांना हे एका हिशोबाने सांगायचो. समजा गस्तीच्या जागेपर्यंत जायला एक दिवस, यायला एक दिवस, तिथे चार दिवस थांबायचं आणि बंदरात तीन दिवस लागतात. नऊ दिवसांचा फेरा, त्यात चार दिवस कामाचे. तुमच्याकडे नऊ जहाजं असतील तर कुठल्याही क्षणी चार जागेवर. आता बेसने बंदरातले तीन दिवस एकावर आणले तर फेरा सात दिवसांचा झाला, त्याच नऊ जहाजांत आता पाच जागेवर आहेत. एक अख्खं जहाज मिळालं, आणि ते बांधायला पैसा लागला नाही, धक्क्यावर माणसं जागी राहिली एवढंच.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या पर्ल हार्बर या तळाचं आहे, पण १९४१ चं नाही, १९४२ चं. कोरल समुद्राच्या लढाईत यॉर्कटाउन ही विमानवाहू नौका चांगलीच फुटली होती, दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता. ती २७ मेला पर्ल हार्बरला आली, ड्राय डॉकमध्ये (पाणी काढून टाकता येणाऱ्या गोदीत) घेतली, शेकडो कामगार रात्रंदिवस आत घुसले, आणि ३० मेला ती निघाली, ४ जूनला मिडवेच्या लढाईत हजर. दुरुस्ती पूर्ण झाली नव्हती, लढण्यापुरती झाली होती. आणि हे जमलं कारण आधीच्या डिसेंबरच्या हल्ल्यात जपान्यांनी जहाजं बुडवली पण तेलाच्या टाक्या आणि गोदी तशीच सोडली.

आमचं १९९९ एवढं नाट्यमय नव्हतं. ऑपरेशन तलवारमध्ये, म्हणजे कारगिलच्या वेळच्या नेव्हीच्या मोहिमेत, ईस्टर्न फ्लीटची जहाजं सुद्धा पश्चिमेला आली, म्हणजे मुंबईत एकदम पाहुणे वाढले आणि खाटा तेवढ्याच. धक्का लांबत नाही, त्यामुळे जहाजाला जहाज लावून बांधायचं, आणि मग व्हायचं असं की ज्याला आधी निघायचंय तो नेमका आतल्या बाजूला अडकलेला, आणि बाहेरच्याला हलवायचं तर टग, म्हणजे जहाज ओढणारी बोट, पाहिजे, टग दुसरीकडे गेलेला. दारूगोळा हार्बरच्या पलीकडून, उरणजवळच्या करंजाच्या डेपोतून बार्जने यायचा, बार्जला भरती-ओहोटीचं बघावं लागतं, जहाजावर दारूगोळा चढत असेल तर लाल झेंडा वर आणि त्या वेळात तेल भरणं बंद, वेल्डिंग बंद, शेजारच्या जहाजाची सुद्धा कामं थांबतात. त्यात जूनचा पाऊस. स्टोअर घाटकोपरला. आणि गोदीतला अर्धा कामगार कल्याण-अंबरनाथहून आणि अर्धा विरारहून येणारा, म्हणजे मध्य रेल्वे कुर्ल्याला पाण्यात बसली की भारताची युद्धसज्जता पण कुर्ल्याला बसलेली असते. हसू नका, आम्ही त्या काळात माणसांना गोदीतच झोपायला गाद्या दिल्या होत्या.

एक रात्र तर विसरणं शक्य नाही. पहाटे दोनला एक जहाज आलं, दुपारी बाराला परत निघायचं होतं. तेल तयार, पाणी तयार, दारूगोळ्याची बार्ज वेळेत आली, मी स्वतःवर खूश. आणि कोल्ड स्टोअरचं कुलूप उघडेना, कारण चावी ज्याच्याकडे तो शेवटच्या लोकलने बदलापूरला घरी गेलेला आणि दुसरी चावी कुठे आहे हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं आणि ते रजिस्टर कोल्ड स्टोअरच्या आत. शेवटी बिजागऱ्या काढल्या. जहाज वेळेत गेलं पण त्यातले पन्नास मिनिटं मी आयुष्यातून कमी केली.

तर हे झालं बेसचं पहिलं काम, भरून पाठवणं. दुसरं काम दरवाजा उघडा ठेवणं, आणि याच्यासाठी विशाखापट्टणमइतकं चांगलं उदाहरण नाही.

विशाखापट्टणमचं आतलं बंदर डॉल्फिन्स नोजच्या डोंगराला वळसा घालून चिंचोळ्या चॅनलमधून गाठायचं असतं. वादळापासून एकदम सुरक्षित, पण तो चॅनल हाच एक दरवाजा. तिथे एखादं मोठं जहाज पाणसुरुंगावर आपटून आडवं पडलं तर आतलं सगळं आत आणि बाहेरचं बाहेर. शत्रूला बेसवर बॉम्ब टाकायची गरजच नाही. १९७१ मध्ये पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी १४ नोव्हेंबरला कराचीहून निघून एवढा वळसा घालून बंगालच्या उपसागरात आली ती आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेला शोधायला, आणि विशाखापट्टणमच्या तोंडाशी सुरुंग पेरणं हे पण तिच्या कामात होतं.

त्या वेळी ईस्टर्न नेव्हल कमांडचे मुख्य होते व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन. विक्रांत त्यांनी अंदमानात दडवून ठेवली होती, तिच्या एका बॉयलरचा लोच्या होता, वेग कमी, त्यामुळे तिला पाणबुडीसमोर आणणं म्हणजे वेडेपणा. मग त्यांनी राजपूत नावाच्या म्हाताऱ्या विनाशिकेला विक्रांतचं सोंग घ्यायला लावलं. आणि इथे बघा, सोंगाचा अर्धा भाग जहाजाने केला आणि अर्धा बेसने. कृष्णन यांनी नंतर स्वतः लिहून ठेवलंय की विक्रांतला लागेल एवढं रेशन, मटण, भाजी कंत्राटदारांकडून मागवलं, म्हणजे बाजारात बोभाटा होऊ दे. विक्रांतवरच्या एका खलाशाने आजारी आईची चौकशी केल्यासारखी साधी, कोडमध्ये न घातलेली तारही मुद्दाम सोडली. मी लॉजिस्टिक्सचा माणूस म्हणून मला हे वाचताना फार मजा येते. भाजीची ऑर्डर हे सुद्धा शस्त्र असतं, कारण शत्रू तुमच्या तळावर नजर ठेवतो तो कंत्राटदारापासून, बेसच्या गेटबाहेरच्या पानवाल्यापासून.

३ डिसेंबरच्या रात्री राजपूत पायलट (बंदरातून जहाजाला वाट दाखवणारा माणूस) घेऊन चॅनलमधून बाहेर पडली, पायलटला उतरवलं, पुढे पाण्यात खळबळ दिसली म्हणून डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. थोड्या वेळाने किनाऱ्यावर खिडक्या हादरतील एवढा स्फोट झाला आणि गाझी बुडाली, नव्वदवर माणसं होती आत. राजपूतच्या डेप्थ चार्जने बुडाली की स्वतःच्याच सुरुंगाने का आतल्या स्फोटाने, यावर अजून वाद आहे, आपल्याकडची बाजू पहिली आणि पाकिस्तानची दुसरी, पाण्याखालच्या गोष्टीला साक्षीदार नसतो. माझ्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही. मुद्दा असा की ती बेसच्या दारात होती, आणि त्या रात्री दार बंद पडलं असतं तर ईस्टर्न फ्लीटला बांगलादेशच्या किनाऱ्याची नाकेबंदी चालू ठेवणं फार जड गेलं असतं.

म्हणून बेसकडे युद्धात सुरुंग काढणाऱ्या बोटी असतात, साफ केलेला ठराविक मार्ग असतो, व्यापारी जहाजांना बाहेर थांबवून तपासायची जागा असते, दीपगृहं आणि बोयांचे दिवे कधी लावायचे कधी विझवायचे याचा हुकूम असतो. जहाजावरचा माणूस हे सगळं गृहीत धरून चालतो, जसं आपण घराबाहेर पडताना जिना जागेवर असेल असं धरतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मोठं कोण.

सरळ उत्तर: बेसचा कमांडर ताफ्यातल्या जहाजाला "जा आणि त्या पाणबुडीवर हल्ला कर" असं सांगू शकत नाही. पण तोच त्या जहाजाला "तुला अमुक धक्का मिळेल, अमुक वाजता, आणि तोपर्यंत बाहेर नांगर टाकून थांब" असं सांगू शकतो, आणि कॅप्टन कितीही सीनियर असला तरी गुमान थांबतो. आपल्याकडे उतरंड साधारण अशी आहे. वर कमांडर-इन-चीफ, पश्चिमेला मुंबईत आणि पूर्वेला विशाखापट्टणमला. त्याच्या हाताखाली एकीकडे फ्लीट कमांडर, जो जहाजं घेऊन समुद्रात लढतो. दुसरीकडे किनारा सांभाळणारे, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, गुजरात असे एरियाचे फ्लॅग ऑफिसर, लहान ठिकाणी नेव्हल ऑफिसर-इन-चार्ज, बंदराजवळच्या पाण्यात गस्त घालणाऱ्या छोट्या बोटी बहुतेक यांच्याकडे. आणि गोदीचा अ‍ॅडमिरल सुपरिंटेंडेंट वेगळा, त्याचं राज्य म्हणजे ड्राय डॉक आणि वर्कशॉप. डेपोवाले आणखी वेगळे.

म्हणजे एकाच बंदरात एकाच जहाजाशी चार जणांचा संबंध. हे चालतं कारण प्रत्येकाची रेघ ठरलेली आहे आणि त्या रेघेवरून जहाज कधी ओलांडतं हे सिग्नलवर लिहून जातं, अमुक वाजल्यापासून तू फ्लीट कमांडरच्या हुकमाखाली. ती वेळ लिहिलेली नसेल तर दोन्हीकडचे समजतात की दुसरा बघतोय. शांततेत हे चालून जातं, फार तर दोन फोन होतात आणि कुणाचा तरी इगो दुखावतो. युद्धात त्या फटीतून पाणबुडी आत येते.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरला हेच झालं होतं. ताफा अ‍ॅडमिरल किमेल यांच्याकडे, बंदराचा नेव्हल डिस्ट्रिक्ट रिअर अ‍ॅडमिरल ब्लॉक यांच्याकडे, आणि बंदरात असलेल्या ताफ्याचं रक्षण करायची जबाबदारी आर्मीच्या जनरल शॉर्ट यांच्याकडे. तिघंही हुशार, तिघांचंही एकमेकांशी बरं होतं. पण लांबवर विमानाने टेहळणी किती करायची, रडार किती वेळ चालू ठेवायचं, कुणाला सांगायचं, हे तिघांच्या मध्ये कुठेतरी पडलेलं होतं. त्याच युद्धात दीड वर्ष आधी डोव्हरला उलटं चित्र होतं. व्हाइस अ‍ॅडमिरल रॅम्झी डोव्हरच्या तळाचे प्रमुख, कड्याच्या पोटातल्या भुयारात ऑफिस, आणि डंकर्कची, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेल्या दोस्त सैन्याची, अख्खी सुटका त्यांच्या एका खुर्चीतून चालली, विनाशिका, फेरीबोटी, कोळ्यांच्या होड्या सगळं, २६ मे ते ४ जून १९४०, तीन लाख अडतीस हजार माणसं आणली. तिथे तळाचा प्रमुखच लढाईचा प्रमुख होता. म्हणून म्हटलं परिस्थितीवर आहे, लढाई तळाच्या दाराशी असेल तर तळाकडे कमांड देणं शहाणपणाचं, लांब असेल तर नाही.

१९७१ ला मुंबईत व्हाइस अ‍ॅडमिरल एस. एन. कोहली किनाऱ्यावर होते आणि रिअर अ‍ॅडमिरल कुरुविला फ्लीट घेऊन म्हैसूर क्रूझरवर समुद्रात. किनाऱ्यावरच्या माणसाकडे जास्त माहिती असते, रेडिओ पकडणारी केंद्रं त्याच्याकडे, विमानांचे रिपोर्ट त्याच्याकडे. समुद्रातल्या माणसाकडे लाट, वारा, थकलेली माणसं आणि डोळ्यासमोरचं चित्र असतं. दीवजवळ पाणबुडी आहे हे तिच्या रेडिओवरून किनाऱ्यावर कळलं, खुकरी आणि किरपाण या आपल्या फ्रिगेट तिच्या शोधात पाठवल्या गेल्या, आणि ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, १८ अधिकारी आणि १७६ नाविक. त्या निर्णयावर नेव्हीत अजून चर्चा होते आणि मी इथे न्याय द्यायला बसलेलो नाही. पण बेसच्या ऑपरेशन्स रूममध्ये नकाशावर एक पिन हलवणाऱ्या प्रत्येक तरुणाला ही गोष्ट माहिती असावी असं मला वाटतं, माझ्या वेळी आम्हाला सांगितली जायची.

ओख्याबद्दल लिहायचं राहिलं. पुढचा छोटा तळ, फॉरवर्ड बेस म्हणतात तो, हा वेगळाच प्राणी आहे. नकाशा काढा. मुंबई ते कराची पावणेपाचशे-पाचशे नॉटिकल मैल आणि ओखा ते कराची साधारण १८०. १९६५ ला ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी ताफ्याने द्वारकेवर तोफा डागल्या तेव्हा आयएनएस तलवार जवळच ओख्याला होती, कंडेन्सर बिघडलेला, आणि ती बाहेर पडली नाही. त्यावरून नेव्हीला लोकांनी किती बोल लावले ते जुन्या लोकांना विचारा. त्यात वरून सरकारचा हुकूम होता की पोरबंदरच्या रेषेच्या उत्तरेला जायचं नाही. म्हणजे पुढचा तळ होता नावाला, पण त्यात जहाज पटकन बरं करायची सोय नाही आणि तिथल्या माणसाला करायला मुभा नाही.

सहा वर्षांनी त्याच किनाऱ्याचा वापर बघा. सोव्हिएत रशियाकडून मिसाइल बोटी आल्या. एवढं जड उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून ओढत मुंबईला आणल्या (बेसला एक क्रेन नसण्याची किंमत किती मैल असते ते यावरून मोजा). या बोटींचं पोट लहान, तेल लवकर संपतं, मुळात बंदराच्या रक्षणासाठी घेतलेल्या. काही ओख्याला ठेवल्या होत्या. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटी कमांडर बबरू भान यादव यांच्या हाताखाली कराचीवर गेल्या, बरोबर किलतान आणि कच्छल या जहाजांची सोबत, आणि वाटेत तेलासाठी पोषक हा टँकर. तुम्हाला आठवतं ते ४ डिसेंबरचं नेव्ही डे त्यावरूनच. पण मला त्यातला पोषक आवडतो. त्याला कुणी पुतळा बांधला नाही. तो म्हणजे समुद्रात चालवत नेलेला बेसचा एक तुकडा होता.

पाकिस्तानला ओख्याचं महत्त्व कळलं होतंच, त्यांच्या विमानांनी ओख्यावर हल्ले केले, तेलाच्या टाक्या पेटल्या. पुढच्या तळाचं हे असंच असतं, जेवढा उपयोगी तेवढा जवळ, आणि जेवढा जवळ तेवढा मार खाणारा. त्यामुळे तिथे तेल एका टाकीत ठेवायचं नाही, बोटी एका जेट्टीला बांधायच्या नाहीत, आणि तिथल्या ऑफिसरला मुंबईला न विचारता किती गोष्टी करता येतील ते आधी कागदावर द्यायचं. फोन लाइन पहिली तुटते.

एका जागी सगळं ठेवू नये हे आपल्याला खरं तर फार आधी कळायला हवं होतं. १७५६ ला इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या पोटात एकाला एक लावून उभं होतं. एका जहाजाला आग लागली आणि ती सगळ्या आरमारात पसरली, लढाई समुद्रात झालीच नाही. (पेशवे त्या वेळी कुणाच्या बाजूने होते ते तुम्हाला माहिती आहे, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर भांडायला माझ्याकडे वेळ आहे, पण आज नको.) १९७१ ला कराचीत तसंच झालं, पाकिस्तानचा पश्चिमेचा सगळा कारभार एका बंदरात, तिथल्या क्यामारी भागातल्या तेलाच्या टाक्या पेटल्या आणि ताफा आत बसला. त्यांनी नंतर ओरमाराला दुसरा तळ बांधला, आपण मुंबईच्या गर्दीला कंटाळून कारवारला आयएनएस कदंब बांधला, १९८६ ला पायाभरणी आणि २००५ ला सुरू. एकोणीस वर्षं. तळ असा पटकन होत नाही, म्हणून जो आहे तो जपायचा.

आणि शेवटचा भाग, जो घरी बसून कुणाला दिसत नाही: तळ शहरात असतो. मुंबईच्या बेसला एका बाजूला फोर्ट, एका बाजूला ससून डॉक, समोर मासेमारी बोटी, ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्या, जवाहर द्वीपाच्या तेलवाहिन्या. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात स्फोटकं आणि कापूस एकाच जहाजात भरलेले होते. शत्रू नव्हता कुठे आसपास. त्या दिवशी मेलेल्या अग्निशमन जवानांसाठी अजून १४ एप्रिल पाळतात. दारूगोळा शहरापासून लांब, हार्बरच्या पलीकडे ठेवायचा आणि बार्जने आणायचा ही कटकट मी वर सांगितली, तिच्या मागे अशी कारणं आहेत, म्हणून मी तिच्याबद्दल कुरकुर केली तरी तोडगा काढायला कधी गेलो नाही.

कोळ्यांशी संबंध चांगले ठेवणं हे बेसच्या प्रमुखाचं काम असतं, कागदावर असो नसो. कुठली बोट इथली आणि कुठली इथली नाही हे त्यांना लांबून शिडाच्या रंगावरून कळायचं, आम्हाला रडारवर सगळे ठिपके सारखे. १९९९ ला जूनमध्ये मासेमारी बंद असल्यामुळे समुद्र रिकामा होता, ते आमचं नशीब, डिसेंबरात तीच परिस्थिती आली असती तर हजारो बोटींमधून शोधावं लागलं असतं. २६/११ नंतर, २००९ मध्ये, किनाऱ्याच्या सुरक्षेची एकूण जबाबदारी नेव्हीकडे दिली, कोस्ट गार्ड, पोलीस, कस्टम, बंदरवाले सगळे एका ऑपरेशन्स सेंटरमध्ये बसू लागले. त्याच्या आधी आम्ही पोलिसांना फोन करायचो तर पहिली दहा मिनिटं आम्ही कोण हे सांगण्यात जायची.

तर घरच्यांना सांगा की भाचा साइडला नाही पडलाय, उलट जहाजावर तो एका जहाजापुरता होता आणि आता त्याच्या चुकीने एकदम पाच जहाजं अडकू शकतात. कंटाळा येईल त्याला, बेसवर महिनोन्महिने काही घडत नाही, रजिस्टर भरा, इन्स्पेक्शन, झाडांना पाणी. त्या काळात त्याने भरती-ओहोटीचं कोष्टक पाठ करावं, गोदीतल्या जुन्या फोरमनशी ओळख करून घ्यावी, कुठल्या जहाजाला कुठला होज कपलिंग बसतो ते स्वतः लावून बघावं, कुणाच्या हुकमाखाली कधी असतो ते सिग्नलवर वाचायची सवय लावावी. आणि पहिल्याच आठवड्यात बेसवरच्या प्रत्येक कुलपाची दुसरी चावी कुठे असते ते शोधून काढावं, आणि ते जिथे लिहिलंय ते रजिस्टर कुलपाच्या बाहेर आहे ना एवढं बघावं.